चाळीस खुर्च्या, चाळीस बिट: बिटसेटमधला एकेक बिट वाचायचा कसा अन् बदलायचा कसा

नागपूरच्या नंदनवनात माझ्या मावसभावाची अभ्यासिका आहे. एक हॉल, ४० खुर्च्या, दोन मोठे कूलर, आणि भिंतीवर "शांतता राखा" लिहिलेला एक कागद ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. एमपीएससीवाली पोरं सकाळी सहापासून येऊन बसतात. उन्हाळ्यात एक दिवस तो म्हणाला, दादा, कोणती खुर्ची रिकामी आहे ते दारावरच दिसलं पाहिजे, पोरं आतमध्ये चक्कर मारून राहिले अन् बसलेल्यांचा अभ्यास मोडून राहिला. म्हटलं करून देतो, त्यात काय आहे. घरी जुना कम्प्युटर पडला होता, सी प्लस प्लस मला येतं, एका रविवारचं काम. तीन रविवार गेले. त्या तीन रविवारांत मी बिटसेटमध्ये जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या बहुतेक सगळ्या करून बसलो, म्हणून हे लिहून राहिलो, तुमचा एक तरी रविवार वाचेल.

आधी एक सांगून ठेवतो, खाली कोडच्या ओळी मी देवनागरीतच लिहिल्या आहेत, वाचायला बरं पडतं. कंपायलरला, म्हणजे कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला, अर्थातच तेच शब्द इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत द्यायचे.

खुर्ची भरलेली किंवा रिकामी, तिसरं काही नाही. म्हणजे प्रत्येक खुर्चीला एक बिट पुरतो, १ म्हणजे कोणीतरी बसलंय, ०  म्हणजे रिकामी. ४० खुर्च्या, ४० बिट. यासाठी सी प्लस प्लसमध्ये बिटसेट नावाचा डबा तयारच मिळतो, १९९८ च्या पहिल्या स्टँडर्डपासून, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांपासून आहे, काही वेगळं इन्स्टॉल करायचं नाही.

#इन्क्लूड <बिटसेट>
एसटीडी::बिटसेट<४०> भरलेल्या;

झालं. चाळीसही बिट सुरुवातीला ० असतात, वेगळं साफ करायची गरज नाही. तो कंसातला ४० मात्र कंपाइल करतानाच पक्का पाहिजे, प्रोग्राम चालू झाल्यावर कोणाला "किती खुर्च्या?" विचारून तो आकडा इथे टाकता येत नाही. डबा नंतर वाढतही नाही, आटतही नाही. जावामध्ये याच नावाचा एक क्लास आहे, तो लागेल तसा वाढतो, जावातून आलेले लोक इथे हमखास गोंधळतात. वाढणारा पाहिजे असेल तर बूल्सचा (बूल म्हणजे फक्त खरं-खोटं ठेवणारा टाइप) व्हेक्टर घ्या किंवा बूस्ट नावाच्या वेगळ्या लायब्ररीतलं डायनॅमिक बिटसेट. आपला हॉल काही वाढून नाही राहिला, आपल्याला हा बरा.

आता वाचायचं कसं. दोन दारं आहेत.

भरलेल्या.टेस्ट(१२)
भरलेल्या[१२]

दोन्ही तेच सांगतात, १२ नंबरचा बिट १ आहे की ०. फरक कुठे, तर चुकीचा नंबर दिल्यावर. टेस्ट आधी बघतं की नंबर डब्यात बसतो का, नाही बसला तर आउट ऑफ रेंज नावाचं एक्सेप्शन फेकतं, ते तुम्ही पकडलं नाही तर प्रोग्राम तिथेच बंद पडतो, पण निदान कळतं तरी. चौकोनी कंस काहीच बघत नाही. तुम्ही ४५ म्हणा, ४०० म्हणा, तो जाऊन येतो, आणि स्टँडर्डच्या भाषेत त्यानंतर काय होईल याची कोणाचीच जबाबदारी नाही.

आणि हे नुसतं पुस्तकातलं नाही बरं का. माझ्याकडून एकदा भरलेल्या[४५] मध्ये १ टाकला गेला. काही क्रॅश नाही, काही एरर नाही. ६४ बिटच्या लिनक्स मशीनवर जीसीसी नावाचा कंपायलर हे ४० बिट एका ६४ बिटांच्या शब्दात ठेवतो, म्हणजे वरचे २४ बिट मोकळेच पडलेले असतात, माझा १ त्या मोकळ्या जागेत जाऊन बसला. मग काउंट, म्हणजे किती बिट १ आहेत ते, विचारला, तर ४० खुर्च्यांच्या हॉलमध्ये ४१ पोरं बसलेली. भाऊ माझ्याकडे बघे, मी स्क्रीनकडे. तेव्हापासून माझा नियम साधा आहे, नंबर बाहेरून येत असेल, कीबोर्डवरून, फाइलमधून, कुठूनही, तर टेस्ट. स्वतःच्या लूपमधला नंबर असेल, ० पासून साइझच्या आधीपर्यंत, तर कंस चालतो. वेगाचं म्हणाल तर अशा कामात तो फरक तुम्हाला दिसणारही नाही.

बदलायचं म्हटलं तर तीन क्रिया आहेत.

भरलेल्या.सेट(१२);
भरलेल्या.रीसेट(१२);
भरलेल्या.फ्लिप(१२);

सेट म्हणजे १ कर, रीसेट म्हणजे ० कर, फ्लिप म्हणजे जे असेल ते उलटं कर. तिन्ही नंबर तपासतात, बाहेरचा दिला तर टेस्टसारखंच एक्सेप्शन. सेटला दुसरी किंमतही देता येते, भरलेल्या.सेट(१२, फॉल्स) म्हणजे रीसेटच झालं, हे कामाचं तेव्हा असतं जेव्हा किंमत आधीच एका व्हेरिएबलमध्ये आहे आणि तुम्हाला इफ-एल्स लिहायचा कंटाळा आलाय. कंसानेही होतं, भरलेल्या[१२] = ट्रू; पण वर सांगितलं तसं, तपासणी नाही.

कंसात काहीच न देता बोलावलं तर सगळ्यांवर चालतं. भरलेल्या.रीसेट() म्हणजे रात्री कुलूप लावताना सगळा हॉल रिकामा. भरलेल्या.सेट() म्हणजे सगळ्या खुर्च्या भरल्या. इथे एक फसगत आहे, सेट(१) चा अर्थ "सगळे १ कर" असा नाही, १ नंबरचा बिट १ कर असा आहे. आणि सेट(०) म्हणजे सगळे शून्य नाही, ० नंबरच्या बिटमध्ये १. मी हे रात्री साडेअकराला लिहिलं होतं, हॉल बंद करताना सेट(०), अन् सकाळी सहाला पहिलं पोरगं यायच्या आधीच पहिली खुर्ची भरलेली. भावाने तर भूत-बीत म्हणून टाकलं.

फ्लिपचं पण सांगतो. मला सुरुवातीला वाटलं की पोरगं आलं की बटण दाबेल, गेलं की दाबेल, एकच बटण, एकच फ्लिप, किती छान. नका करू. एखादं पोरगं चहा प्यायला जाताना बटण दाबायचं विसरलं की तिथून पुढे सगळं उलटं, बसलेला असताना रिकामी अन् उठल्यावर भरलेली, आणि ते आपोआप कधीच सरळ होत नाही. आलास तर सेट, गेलास तर रीसेट, दोनदा दाबलं तरी काही बिघडत नाही. फ्लिप फक्त तिथे जिथे खरंच उलटं करायचंय आणि आधी काय होतं ते तुम्हाला पक्कं माहीत आहे.

हे सगळं ज्याच्यावर उभं आहे ती गोष्ट म्हणजे शून्य कुठल्या बाजूला. खुर्च्यांवर ऑइल पेंटने १ ते ४० लिहिलेलं आहे, डब्यात ० ते ३९. म्हणून खुर्ची क्रमांकातून १ वजा करूनच आत जायचं, आणि ते वजा करणं एकाच ठिकाणी करायचं, एक छोटं फंक्शन लिहून. मी पाच ठिकाणी करत होतो, त्यातल्या एका ठिकाणी विसरलो, आणि ४० नंबरची खुर्ची मागितली की प्रोग्राम बंद. ते टेस्ट होतं म्हणून बंद तरी पडला.

दुसरी भानगड यापेक्षा मोठी. ८ बिटांचा छोटा डबा घेऊ, समजायला सोपा.

एसटीडी::बिटसेट<८> ड("०००१०११०");

डावीकडून मोजायची आपल्याला सवय, म्हणून वाटतं की पहिला ० म्हणजे ० नंबरचा बिट. नाही. शून्य उजवीकडे आहे. उजवीकडून मोजा: ० नंबरला ०, १ नंबरला १, २ नंबरला १, ३ नंबरला ०, ४ नंबरला १, पुढचे सगळे ०. आकडा म्हणून वाचला तर २ अधिक ४ अधिक १६, म्हणजे २२. आपण शाळेत एकं-दहं-शतं शिकलो तेव्हा एकं कुठे होतं? उजवीकडे. तेच आहे हे, फक्त दहाच्या जागी दोन.

हे मला माहीत होतं. तरी मी दाराच्या स्क्रीनवर सरळ भरलेल्या छापून मोकळा झालो. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला खुर्ची १, तिथून पुढे ओळीने. स्क्रीनवर मात्र डावीकडे ३९ नंबरचा बिट, म्हणजे खुर्ची ४०, आणि खुर्ची १ एकदम उजव्या टोकाला. पोरं स्क्रीन बघून डावीकडच्या रिकाम्या खुर्च्यांकडे जायची, तिथे कोणीतरी बसलेलं, मग अख्खा हॉल पार करून उलट्या बाजूला. म्हणजे जी चक्कर बंद करायला हे सगळं केलं तीच चक्कर दुप्पट झाली. दोन दिवस मला वाटत होतं बटणाची वायर ढिली आहे.

इलाज सोपा आहे, छापायचं असेल तेव्हा स्वतः लूप लावायचा, ० पासून भरलेल्या.साइझ() च्या आधीपर्यंत, एकेक बिट टेस्ट करून डावीकडून उजवीकडे. बिटसेटवर नव्या पद्धतीचा फॉर लूप, तो कोलनवाला, चालत नाही, कारण त्याला बिगिन आणि एंड नाहीत. नंबरवालाच लूप लावायचा. आणि टू स्ट्रिंग या फंक्शनला ० आणि १ ऐवजी कोणती चिन्हं पाहिजेत तेही सांगता येतं, ०ला टिंब अन् १ला चौकट असं काहीतरी, २०११ पासून आहे ही सोय. पण दिशा तीच राहते, उजवीकडे शून्य. आरसा तुम्हालाच धरावा लागतो.

डबा भरायच्या बाकीच्या पद्धतींमध्येही हीच गंमत आहे. आकडा देता येतो, अवतरण चिन्हात स्ट्रिंग देता येते. या दोन सारख्या दिसतात अन् वेगळ्या वागतात.

बिटसेट<८>("१०१") म्हणजे बिट ० आणि बिट २ चालू, म्हणजे पाच.
बिटसेट<८>(१०१) म्हणजे एकशे एक! त्याचे बिट ०११००१०१.
बिटसेट<८>(०१०१) तर त्याहून भारी, पुढे शून्य लावलं की सी प्लस प्लस त्याला आठच्या पद्धतीतला आकडा समजतं, म्हणजे पासष्ट, बिट ०१०००००१.

आकड्यातच बिट लिहायचे असतील तर पुढे शून्य आणि बी लावायचं, ०बी१०१, ते २०१४ च्या स्टँडर्डपासून चालतं. आणि स्ट्रिंगमध्ये ० आणि १ सोडून काही आलं, एखादी स्पेस जरी आली, तरी इन्व्हॅलिड आर्ग्युमेंटचं एक्सेप्शन.

आता डब्यापेक्षा माल जास्त झाला तर? चार बिटांच्या डब्यात २२ टाका. २२ म्हणजे १०११०. आकडा म्हणून दिलात तर वरचा बिट कापला जातो, उरतो ०११०, म्हणजे ६. "१०११०" स्ट्रिंग म्हणून दिलात तर डावीकडची पहिली चार अक्षरं घेतो, १०११, म्हणजे ११. तोच माल, तोच डबा, दोन वेगळी उत्तरं, आणि कोणी एका शब्दाने ओरडत नाही. मला हे फारच खटकतं खरं सांगू तर, पण स्टँडर्डमध्ये तसंच लिहिलंय.

आता येऊ ऑटोवर. बर्डीवरून मीटर न टाकता येतो तो नाही, सी प्लस प्लसचा ऑटो, जो टाइप स्वतः ओळखतो. मला एका खुर्चीची आधीची स्थिती लक्षात ठेवायची होती, रिकामी करायची होती, आणि नंतर विचारायचं होतं की आधी कोणी होतं का. मी लिहिलं:

ऑटो आधी = भरलेल्या[४];
भरलेल्या.रीसेट(४);
इफ (आधी) ...

इफच्या आत कधी जाईचना. अर्धा तास मी डोकं धरून. कारण असं की एका बिटचा पत्ता कम्प्युटरला देता येत नाही, पत्ता कमीत कमी बाइटचा असतो. म्हणून चौकोनी कंस तुम्हाला बिट देतच नाही, एक मध्यस्थ देतो, "मी त्या चार नंबरच्या बिटचा माणूस आहे, वाचायचं तर मला विचारा, बदलायचं तर मला सांगा" असं म्हणणारी छोटी वस्तू. ऑटोने मी त्या मध्यस्थालाच धरून ठेवलं. रीसेट झाल्यावर त्याला विचारलं, तर तो आत्ताची स्थिती सांगणार ना, आधीची कशी सांगेल. ऑटोच्या जागी बूल लिहा, काम खलास:

बूल आधी = भरलेल्या[४];

आता ती खरी नक्कल आहे. किंवा टेस्ट वापरा, ते सरळ बूलच देतं, तिथे ऑटोही चालतो.

या मध्यस्थाचा फायदाही आहे, भरलेल्या[४].फ्लिप() लिहिता येतं, भरलेल्या[४] = भरलेल्या[७] लिहिता येतं, किंमत बरोबर उचलली जाते. पण लाटचिन्ह, म्हणजे टिल्डे, त्यापासून लांब राहा. ~भरलेल्या[४] हे साध्या डब्यावर बरोबर उलट उत्तर देतं, पण तोच डबा कॉन्स्ट, म्हणजे बदलता न येणारा, म्हणून एखाद्या फंक्शनमध्ये गेला की तिथे कंस मध्यस्थ देत नाही, सरळ बूल देतो, आणि बूलवर लाटचिन्ह लावलं की ते आधी इंटिजर होतं, १ चं होतं उणे दोन, ० चं होतं उणे एक, दोन्ही शून्य नाहीत म्हणजे इफमध्ये दोन्ही खरे. खुर्ची भरलेली असो की रिकामी, उत्तर एकच. एका बिटला "नाही" म्हणायचं असेल तर उद्गारचिन्ह, !भरलेल्या[४]. लाटचिन्ह ठेवा अख्ख्या डब्यासाठी, ~भरलेल्या म्हणजे सगळ्या रिकाम्या खुर्च्या.

"एवढं कशाला दादा, बूलचा अॅरे घेऊन टाकायचा असता," असं भाऊ म्हणाला, त्याचाही एक सेमिस्टर कम्प्युटर झालेला आहे. बरोबरच आहे त्याचं, ४० बूलला ४० बाइट, बिटसेटला जीसीसीवर ८ बाइट, ३२ बाइट वाचवून मी काय बंगला बांधणार आहे. जागेसाठी नाहीच घेतलं. मी घेतलं ते अख्ख्या डब्यावर एकदम काम होतं म्हणून.

नागपूरचा मे महिना माहीतच आहे. कूलरसमोरच्या ८ खुर्च्या, १ ते ८, सगळ्यात आधी भरतात, नंतर आलेलं पोरगं पंख्याखाली घाम पुसत बसतं. मी एक दुसरा डबा केला:

एसटीडी::बिटसेट<४०> कूलर(२५५);

२५५ म्हणजे खालचे ८ बिट १. याला मास्क म्हणतात. आता (भरलेल्या & कूलर) म्हणजे कूलरसमोर बसलेले. त्याला .काउंट() लावलं की किती ते, .एनी() लावलं की कोणी आहे का, .नन() लावलं की कोणीच नाही, मग एक कूलर बंद करायला हरकत नाही, बिल वाचतं. (कूलर & ~भरलेल्या) म्हणजे कूलरसमोरच्या रिकाम्या. पूर्ण हॉल भरला का हे भरलेल्या.ऑल() सांगतं, हे पण २०११ पासून, त्याआधी काउंट आणि साइझ जुळतात का बघावं लागायचं. सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा कोणकोणत्या खुर्च्या भरलेल्या होत्या? सकाळ & संध्याकाळ. निदान एकदा? मधली उभी रेघ. फक्त एकाच वेळी, दोन्ही वेळी नाही? टोपीचं चिन्ह, ^. चाळीस वेळा इफ लिहायचं एका ओळीत होतं, ही खरी मजा आहे.

फक्त कंस टाकायला विसरू नका. छापायच्या ओळीत << हे & पेक्षा आधी चिकटतं, म्हणून सीआउट << अ & ब लिहिलं की कंपायलर दीड पान एरर देतो, सीआउट << (अ & ब) लिहा. तुलनेचंही तसंच, (अ & ब) == ब असंच लिहायचं, आणि याचा अर्थ होतो की ब मधले सगळे १ हे अ मध्येही आहेत. दोन्ही डबे एकाच मापाचे पाहिजेत, ४० अन् ६४ ची गाठ कंपायलर मारूच देत नाही, ते बरंच आहे.

पहिली रिकामी खुर्ची शोधायला मी साधा लूप लावलाय, ० पासून, टेस्ट खोटं आलं की थांब. जीसीसीमध्ये अंडरस्कोर फाइंड फर्स्ट नावाचं फंक्शन आहे, पहिला १ कुठे ते झटकन देतं, एकही नसेल तर साइझ परत करतं. पण ते स्टँडर्डमध्ये नाही, दुसऱ्या कंपायलरवर मिळेलच असं नाही, स्पर्धेच्या कोडिंगवाले बिनधास्त वापरतात. चाळीस खुर्च्यांना लूप काय वाईट आहे.

काही लोक म्हणतील बिटसेट तरी कशाला, एक ६४ बिटांचा अनसाइन्ड, म्हणजे उणे न होणारा, आकडा घे आणि शिफ्ट करून, म्हणजे बिट सरकवून घे. सी मध्ये, किंवा अर्डुइनोसारख्या छोट्या बोर्डवर तसंच करतात, आणि ते यायलाच पाहिजे. न नंबरचा बिट वाचायचा: (म >> न) & १. चालू करायचा: म |= (१यूएलएल << न). बंद करायचा: म &= ~(१यूएलएल << न). उलटायचा: म ^= (१यूएलएल << न). एवढंच आहे.

पण त्या एकच्या मागचं यूएलएल शेपूट विसरलात की संपलं. माझा पहिला रविवार यातच गेला, कारण सुरुवात मी अशीच केली होती, नुसतं १ << न. नुसता १ म्हणजे साधा इंट, आपल्या नेहमीच्या मशीनवर ३२ बिटांचा. खुर्ची ४० म्हणजे न झाला ३९. ३२ बिटांच्या आकड्याला ३९ ने सरकवणं हे स्टँडर्डप्रमाणे बेकायदेशीर, आणि इंटेलचा प्रोसेसर अशा वेळी ३९ मधून ३२ वजा करून ७ नेच सरकवतो. सात नंबरचा बिट म्हणजे खुर्ची ८. म्हणजे मागच्या कोपऱ्यात ४० वर कोणी बसलं की कूलरसमोरची ८ भरलेली दिसायची! आणि ३२ नंबरवर कोणी बसलं तर त्याहून कहर, १ << ३१ चा होतो उणे आकडा, तो ६४ बिटांत जाताना वरचे सगळे बिट १ करत जातो, म्हणजे एका पोराने ३२ पासून ४० पर्यंत नऊ खुर्च्या अडवल्या. भाऊ म्हणे, दादा, मागच्या ओळीत काय पंगत बसवली का बे तू.

बिटसेटमध्ये हे दोन्ही होत नाही. तिथे अख्खा डबाही << ने सरकवता येतो, ४० च्या वर सरकवला तर नुसता रिकामा होतो, कायद्यात बसतं ते.

रात्रीची स्थिती फाइलमध्ये ठेवायची होती, वीज गेली तर. आधी मी टू यूलाँग वापरून आकडा केला होता. घरी लिनक्सवर मस्त चाललं, अभ्यासिकेतल्या विंडोजवर खुर्ची ३२ च्या पुढे कोणी बसलं की ओव्हरफ्लो एररचं एक्सेप्शन, कारण विंडोजवर लाँग ३२ बिटांचाच असतो. टू यूएललाँग वापरलं असतं तर ६४ पर्यंत चाललं असतं. मग सोडूनच दिलं, डबा सरळ << ने फाइलमध्ये लिहितो, ० आणि १ ची एक ओळ, आणि >> ने परत वाचतो. नोटपॅडमध्ये उघडून डोळ्यांनी तपासता येतं, हा फायदा आकड्यात नाही. वाचताना ओळ छोटी असेल तर ती उजवीकडे, म्हणजे ० कडे टेकून बसते आणि वरचे बिट ० होतात, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

आणखी दोन किरकोळ गोष्टी. दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे दोन भाग, एकाच डब्यातले वेगवेगळे बिट बदलत असतील तरी कुलूप लावा, म्हणजे म्यूटेक्स, कारण शेजारचे बिट एकाच शब्दात राहतात आणि एकाचं लिहिलेलं दुसरा पुसून टाकू शकतो. आणि डबा खूप मोठा असेल, समजा दहा कोटी बिट, म्हणजे सव्वा कोटी बाइट, तर तो मेनच्या आत ठेवू नका, स्टॅक फुटतो, बाहेर ग्लोबल ठेवा किंवा पुढे स्टॅटिक लावा. मूळसंख्यांची चाळणी लिहिणाऱ्या पोरांना हे पहिल्यांदा असंच कळतं, प्रोग्राम काहीच न बोलता बसतो.

दिवाळीनंतर भावाने शेजारचा गाळा पण घेतला, मधली भिंत पाडली, ५२ खुर्च्या झाल्या. मी गेलो, ४० चं ५२ केलं, कंपाइल केलं, तर्री पोहे खाऊन येईपर्यंत चालू. जुनी फाइलही बरोबर वाचली गेली, ४० अक्षरांची ओळ ० च्या बाजूला टेकली, नव्या १२ खुर्च्या आपोआप रिकाम्या. दाराची स्क्रीनही नीट, कारण तिथे लूपमध्ये साइझ होतं. दोन दिवसांनी फोन, दादा, हॉल फुल दाखवून राहिलं, पोरं परत चालली, अन् इकडे नव्या बाजूला बाराही खुर्च्या खाली. पहिली रिकामी खुर्ची शोधणाऱ्या लूपमध्ये मी हाताने ४० लिहिलं होतं. आता तिथेही साइझ आहे.